आधी मांडी, मग पाटी



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. संध्याकाळी मी कामावरून घरी आलो की माझी धाकटी मुलगी पलंगाखाली जाऊन लपायची. पहिले काही दिवस मला वाटले, खेळते आहे. मग एके दिवशी माझ्या आईने स्पष्टच सांगितले, "तुझ्या स्कूटरचा आवाज आला की लपते ती. तुझ्या पाटीला भिते पोर."

ती पाटी मीच हौसेने आणली होती. मुलगी सहा वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे दुसरी भाषा कन्नड, गल्लीतल्या मैत्रिणीही कन्नड बोलणाऱ्या. मराठी तेवढी घरात. हुबळी-धारवाडच्या आपल्या बहुतेक घरांत असेच आहे. तिची आजी ज्या जुन्या पुस्तकातून रोज प्रार्थना म्हणते, ते पुस्तक हिला कधीच वाचता येणार नाही, ही भीती माझ्या मनात बसली. म्हणून मी रोज अर्धा तास ठरवला. आधी मुळाक्षरे, मग प्रार्थना पाठ. चुकले की पुसायचे आणि दहा वेळा लिहायचे.

दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी इतरांच्या मुलांना हातवारे करून गोष्टी सांगतो, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसतो. घरी मात्र मी शाळा तपासायला आलेला साहेब झालो होतो. त्याहून वाईट म्हणजे धडा आणि प्रार्थना एकामागोमाग असल्याने मुलगी प्रार्थनेलाही टाळू लागली. एका रात्री तिने आजीला विचारले, "देव पण परीक्षा घेतो का?" त्या रात्री मला जेवण गेले नाही.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचे चरित्र मी पुन्हा हातात घेतले. रमाबाईंचा जन्म 1858 साली आपल्याच कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले होते. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील म्हातारे झालेले, म्हणून शिकवायचे काम आईकडे आले. कुटुंब तीर्थयात्रा करत फिरणारे, आणि दिवसभर आईच्या मागे घरकाम. वेळ मिळे तो पहाटेचा. पाखरे नुकती जागी होत असताना आई झोपाळू लेकीला जवळ घेई, लाडाने बोलून जागे करी आणि तोंडाने श्लोक म्हणून तिच्याकडून म्हणवून घेई. पुस्तक नव्हतेच. आईचे ओठ हेच पुस्तक.

हे मी पूर्वीही वाचले होते, पण या वेळी एक गोष्ट टोचली. लक्ष्मीबाई जे करत होत्या ते शुद्ध पाठांतर होते. खेळणी नाहीत, चित्रे नाहीत, गाणारा मोबाईल नाही. आणि मीही पाठांतरच करून घेत होतो. तरी एक मुलगी ती पहाट जन्मभर गोडीने आठवते आणि दुसरी पलंगाखाली लपते. फरक पद्धतीत नव्हता. तिथे आधी मांडी होती, मग धडा. माझ्याकडे आधी पाटी होती, आणि मांडी धडा नीट झाला तरच मिळणार होती.

पुढे 1886 साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. फ्रोबेल हे जर्मनीतल्या एका पाळकाचे पुत्र. ते वर्षाचे होण्याआधीच त्यांची आई वारली होती. त्याच माणसाने पुढे मुलांना खेळातून शिकवायची पद्धत घालून दिली, आणि आईने बाळाला मांडीवर घेऊन म्हणायच्या गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे एक पुस्तकही केले. आज ज्याला आपण केजी म्हणतो आणि ज्याच्या प्रवेशासाठी रांगा लावतो, त्याचे मूळ हे आहे.

रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्यासुध्या बायकांनाही कळावे अशी भाषा असावी, हा त्यांचा ध्यास होता. पहाटे आईच्या कुशीत सुरू झालेले शिक्षण देवाच्या वचनापर्यंत जाऊन पोचले, असे मला वाटते.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगतो. कधी? घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात वर्ग नाही, घंटा नाही. आणि आपला प्रभू? राईचा दाणा, पिठातले खमीर, हरवलेले नाणे. त्याने शिकवायला घेतलेल्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आजही आहेत.

म्हणून मी पाटी माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. आजीने डब्यांवर कागद चिकटवले: मीठ, डाळ, गूळ, रवा. मुलीचे काम एकच, आजी मागेल तो डबा आणून द्यायचा. चिंचोके मोजायचे, त्यांचीच अक्षरे मांडायची. रात्री इडलीचे पीठ भिजवले की भांड्याला बाहेरून खडूची खूण करायची आणि सकाळी उठून ते किती वर आले ते पाहायचे. खमिराचा दाखला मी वर्गात पुष्कळदा शिकवला आहे, पण सकाळी भांड्याचे झाकण उघडून ती ओरडली, "बाबा, देवाचं राज्य सांडलं!" तेव्हा तो मलाही नव्याने कळला. हरवलेल्या नाण्यासाठी आम्ही दिवे बंद करून, बॅटरी घेऊन सगळे घर झाडले. नाणे सापडल्यावर शेजारच्या मुलांना बोलावून पेढे वाटले. धारवाडचे पेढे दाखल्यात नाहीत, पण आनंद तोच.

धारवाडला जाताना चिगरी बसमध्ये ती थांब्यांच्या कन्नड पाट्या वाचते आणि आजीला शिकवते. आजी मुद्दाम चुकते. चुकणारा मोठा माणूस पाहिला की मुलाची अर्धी भीती जाते, हे मला आईकडून शिकावे लागले.

काही पालक म्हणतील, हे सगळे ठीक, पण मार्कांचे काय? आपल्या धारवाडला विद्याकाशी म्हणतात, इथे स्पर्धा लहान नाही. खरे आहे. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ खेळातून शिकण्याचा मानला आहे. सरकारने त्या वयासाठी खेळणी, बाहुल्या, कोडी आणि गोष्टींच्या पत्त्यांचा 'जादुई पिटारा' काढला आहे. तो पिटारा आपल्या घरात आधीपासून आहे, फक्त त्याचे झाकण उघडायला कोणी रिकामे नाही.

दुसरी तक्रार वेळेची. दोघेही नोकरी करतात, कधी शिकवायचे? लक्ष्मीबाईंनाही दिवसा वेळ नव्हता. वेगळा वेळ काढू नका, जे काम करता त्यात मुलाला सोबत घ्या. बापांना माझे विशेष सांगणे आहे. "अभ्यास आईचा, रागावणे बाबांचे" ही वाटणी आपल्या घरांत फार आहे. ती मोडा.

आणि मोबाईल देऊन 'खेळातून शिक्षण' झाले असे समजू नका. मोबाईल मुलाला गप्प बसवतो. शिकणारे मूल गप्प नसते, ते विचारते, आणि उत्तर द्यायला माणूस लागतो.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. माझी मुलगी अजून 'भ' आणि 'म' यांत गोंधळते. आजीच्या पुस्तकातली एक ओळ वाचायला तिला फार वेळ लागतो. पण आता ती ओळ ती माझ्या मांडीवर बसून वाचते, आणि अडली की माझ्या तोंडाकडे पाहते.

शिष्य बालकांना आणणाऱ्यांना दटावत होते तेव्हा प्रभू रागावला. त्याने मुलांना आधी कवेत घेतले, मग त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आपणही याच क्रमाने वागू या. दप्तर उघडण्याआधी लेकराला जवळ घ्या. तसे करण्याची सद्बुद्धी आणि धीर प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.