वर्गणी भरणाऱ्याचं ‘नाही’

परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे कुठल्या ना कुठल्या व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व असतं. वर्षाची वर्गणी भरायची, जमलं तर अधिवेशनाला जायचं, बायोडेटात एक ओळ वाढवायची. नियमदुरुस्तीच्या मतदानाचा ईमेल आला की तो उद्यावर ढकलायचा. कुणी सभासद कार्यकारिणीविरुद्ध उभा राहिलाच, तर आपल्याला मराठी मंडळातली भांडणं आठवतात आणि ‘झालं यांचं राजकारण सुरू’ म्हणत आपण तिकडे पाठ फिरवतो.

वैज्ञानिकांच्या संघटनेत मात्र असा विरोध हा विज्ञानाच्याच कामाचा भाग असतो, असं मला वाटतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एपीए, या १८९२ साली स्थापन झालेल्या संघटनेची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

सुरुवात एका प्रयोगापासून करू. १९६०च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळणं शक्यच नव्हतं, त्यांतले बरेचसे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. या ‘शिकलेल्या हतबलते’चा उपयोग नंतर नैराश्य समजून घेण्यासाठी झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर मात्र जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी सीआयएसाठी चौकशीची जी पद्धत आखली, तिच्यात हीच कल्पना कैद्याला मोडण्यासाठी वापरली गेली. अमेरिकी सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातही चौकशीला सल्ला देणाऱ्या पथकांत मानसशास्त्रज्ञ होते.

प्रश्न सरळ होता. माणसाचं मन बरं करण्याचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने अशा चौकशीत सहभागी व्हावं का? डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या अमेरिकी संघटनांनी २००६मध्ये आपल्या सभासदांना चौकशीतल्या थेट सहभागापासून दूर राहायला सांगितलं. एपीएची वाट वेगळी होती. २००५च्या जूनमध्ये तिने नेमलेला कृतिगट एका शनिवार-रविवारच्या आसपास भरला आणि ‘मर्यादा पाळून सहभाग चालेल’ असं सांगून मोकळा झाला. संचालक मंडळाने काही दिवसांतच तातडीचे अधिकार वापरून अहवाल मंजूर केला. दहा जणांच्या गटातले सहा जण लष्कराशी किंवा गुप्तचर यंत्रणांशी संबंधित होते. अहवालावर गटातल्या सदस्यांची नावं छापलेली नव्हती.

सहभागाच्या बाजूनेही एक युक्तिवाद होता. मानसशास्त्रज्ञ हजर असेल तर चौकशी हाताबाहेर जाणार नाही, असं ही मंडळी म्हणत. हे म्हणणं वेडगळ नव्हतं. पण ते खुल्या चर्चेत तपासलंच गेलं नाही. शोधनिबंधाचे परीक्षक लेखकाच्याच प्रयोगशाळेतले निघाले तर आपण तो निबंध बाजूला ठेवतो. इथे तर परीक्षक कोण, हेसुद्धा वाचकाला कळत नव्हतं.

मग सभासदांनी एकेक हत्यार काढलं. गटातल्या जीन मारिया ॲरिगो यांनी बैठकीत काय घडलं ते २००७मध्ये जाहीरपणे सांगितलं. लेखिका आणि मानसोपचारतज्ज्ञ मेरी पायफर यांनी त्याच वर्षी एपीएचा पुरस्कार परत केला. काहींनी वर्गणी रोखून धरली. शेवटी सह्या गोळा करून सभासदांनी २००८मध्ये सार्वमत घ्यायला लावलं. सुमारे ५९ टक्के मतं ठरावाच्या बाजूने पडली. जिथे आंतरराष्ट्रीय कायदा किंवा अमेरिकेची राज्यघटना धाब्यावर बसवली जाते, अशा ठिकाणी मानसशास्त्रज्ञांनी काम करू नये, असा तो ठराव होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बहुमताने मंजूर झालेला ठराव अंमलबजावणीच्या वाटेवर अडकून राहिला. २०१४मध्ये पत्रकार जेम्स रायझन यांच्या पुस्तकातून पदाधिकाऱ्यांचे जुने ईमेल बाहेर आले, तेव्हा कुठे संचालक मंडळाने डेव्हिड हॉफमन या बाहेरच्या वकिलाकडे चौकशी सोपवली. जुलै २०१५मध्ये बाहेर आलेल्या ५४२ पानी अहवालाचा निष्कर्ष असा, की नियम ढिले राहावेत म्हणून काही पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांशी संगनमत केलं होतं. पुढच्याच महिन्यात टोरंटोच्या अधिवेशनात राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकश्यांतून मानसशास्त्रज्ञांना दूर ठेवणारा ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला. सार्वमतानंतर त्याला सात वर्षं लागली.

ज्यांच्यावर हॉफमन यांनी ठपका ठेवला, त्यांतल्या काहींना तो अहवालच एकतर्फी वाटतो. त्यांनी लेखी आक्षेप घेतले, काही जण न्यायालयातही गेले. विरोधाचा हक्क मान्य करायचा तर तो त्यांनाही द्यावा लागेल. आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाची उलटतपासणी व्हायला नको, असं म्हणणारा माणूस २००५च्या त्या कृतिगटापासून फार लांब उभा नसतो.

‘संघटनेत फूट पडेल, बदनामी होईल’ अशी भीती विरोध करणाऱ्यांना नेहमीच घातली जाते. एपीएची बदनामी झाली ती दाबून ठेवलेल्या कागदांमुळे. सभासदांचं २००८मध्येच ऐकलं असतं, तर निदान २०१५ची नामुष्की टळली असती. त्या काळात कैद्यांनी काय भोगलं, ते तर कुठल्याच ठरावाने भरून येणारं नाही.

आचारसंहिता सुंदर शब्दांत लिहिता येते. ती पाळली जाते आहे का, हे बघण्याची सोय नियमावलीच्या कंटाळवाण्या पानांवर असते. तेव्हा आपल्या संघटनेची नियमावली एकदा उघडा. ठराव मांडायला किती सह्या लागतात? समित्यांवरच्या माणसांची नावं आणि हितसंबंध जाहीर होतात का? मंजूर ठराव अमलात आणायची मुदत कुठे लिहिली आहे का? उत्तरं सापडली नाहीत, तर सचिवांना ईमेल करा. मतदानाचा तो उद्यावर ढकललेला ईमेलही त्याच बैठकीत उघडून टाका.