टकलावर केस लावून घ्यावेत काय?

पुरुषांना टक्कल पडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनाही ते पडत होते आणि ते मुंडासे किंवा टोपी चढवून शेताची वाट धरीत. नवे एवढेच की, आता गावातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा कपाळावरचे केस जरा मागे सरकले की बेळगाव, हुबळी किंवा पणजीकडच्या कुठल्याशा केंद्राची जाहिरात दाखवून 'केस लावून घेतो' म्हणतो. घरची माणसेही 'मे महिन्यात लग्न उरकावयाचे आहे, होऊन जाऊ दे' म्हणत सोने गहाण ठेवण्यास तयार होतात. खर्च लाख-दीड लाखाचा सहज होतो. आरोग्यविमा तो सहसा देत नाही, आणि सरकारही यास उपचारात न धरता त्यावर जीएसटी घेते.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पंचविशीच्या आतल्या मुलाने ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. आणि लग्न हे तर तिचे कारण मुळीच असू नये. चाळिशी ओलांडलेल्या, टक्कल एका जागी थांबलेल्या माणसाने सर्व माहिती घेऊन, स्वतःच्या पैशाने केली तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. असे का म्हणतो, ते शेतकरी वाचकांना समजावून सांगणे सोपे आहे.

प्रथम केस का जातात ते पाहू. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात व रोज पन्नास ते शंभर गळतात. त्यांच्या जागी नवे येतात. पुरुषी टक्कल पडणाऱ्याच्या कपाळावरची व टाळूवरची केसमुळे मात्र शरीरातील पुरुषी संप्रेरकाला सोसत नाहीत. प्रत्येक खेपेस उगवणारा केस आधीच्याहून बारीक व आखूड येतो, शेवटी नुसती लव राहते. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना हे टक्कल पडत नाही. म्हणजे दोष बोअरच्या पाण्याचा नव्हे, हेल्मेटचा नव्हे आणि टोपीचाही नव्हे. 'आजोळकडून येते' असे म्हणतात, ते अर्धेच खरे; हा वारसा आई व वडील दोघांकडूनही येतो. माक्याचे तेल डोक्याला गार वाटते, जरूर लावावे, पण आटलेले मूळ त्याने पुन्हा जोमास येत नाही.

गळणारा प्रत्येक केस टकलाचाच असतो असेही नाही. डेंग्यू, विषमज्वर, कोविड किंवा कसलाही मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात आणि काही महिन्यांत आपोआप परत येतात. थायरॉइडच्या बिघाडाने किंवा अंगात लोह कमी पडल्यानेही ते गळतात. रुपयाएवढा गोल चट्टा पडला असेल तर ती चाई. तिचा इलाज निराळा. अशा माणसाच्या डोक्यावर केस लावणे म्हणजे वाळवी न काढता कूड लिंपणे. म्हणून पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाची, केंद्राच्या सल्लागाराची नव्हे.

आता केस लावतात म्हणजे काय करतात? त्या लोकांच्या बोलण्यात 'ग्राफ्ट' हा शब्द येतो आणि आपल्याला आंब्या-काजूचे कलम आठवते. तसा अर्थ घेऊ नये. एका मातृवृक्षाच्या काड्यांपासून शंभर कलमे होतात आणि मूळ झाड उभेच राहते. येथे तसे होत नाही. ही भाताची लावणी आहे: तरव्यातून रोप उपटावयाचे आणि दुसरीकडे रोवावयाचे. उपटले तेथे परत उगवत नाही. एक केसही नवा निर्माण होत नाही, असलेलाच केस जागा बदलतो.

डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या बाजूंचे केस हा आपला तरवा. तेथील मुळांवर त्या संप्रेरकाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून पुरे टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यालाही मागे झालर शिल्लक असते. ही मुळे पुढे आणून लावली तरी आपला मूळचा गुण सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 साली लिहून प्रसिद्ध केले. त्याआधी वीस वर्षे, 1939 मध्ये, जपानच्या शोजी ओकुदा यांनी भाजल्याच्या व्रणांवर केसांसह कातडीचे लहान तुकडे लावून पाहिले होते. पण त्यांचे लेखन जपानीत राहिले आणि पुढे महायुद्ध झाले, त्यामुळे बाहेरच्या जगाला ते फार उशिरा कळले. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे तुकडे लावीत, तेव्हा डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. आता एकेक चूड सुटा काढतात. 'चूड' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण केसही एका छिद्रातून एक ते चार असे जुडग्याने उगवतात, जसे आपण दोन-तीन रोपे मिळून लावतो. एक तर मागच्या कातडीची पट्टी कापून, टाके घालून त्या पट्टीतील चूड वेगळे करतात, नाहीतर एक मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक नळीने ते एकेक उपसतात. पट्टीने लांब व्रण राहतो, नळीने असंख्य ठिपके राहतात. 'व्रण राहतच नाही' असे जो सांगतो, त्याच्या पुढच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवावा ते आपण ठरवावे.

आता हिशेब करू. सामान्य माणसाच्या तरव्यातून, मागची बाजू विरळ न दिसता, सबंध आयुष्यात साधारण पाच-सहा हजार चूड निघतात. कोणाचे थोडे अधिक, कोणाचे बरेच कमी. पुरे टक्कल पडले तर उघडी जागा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास होते. बरे दिसण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला चाळीस चूड धरले तर आठ हजार लागतात. म्हणजे तरवा एका वाफ्याचा आणि शेत दीड वाफ्याचे! जाणता शेतकरी अशा वेळी काय करतो? कोणता तुकडा लावावयाचा आणि कोणता पड ठेवावयाचा ते आधी ठरवतो.

बावीस वर्षांच्या मुलाची अडचण हीच आहे. त्याचे शेत केवढे होणार हे अजून कोणालाच ठाऊक नाही. आज दोन्ही कानशिलांवर कोपरे पडले आहेत म्हणून त्याने दोन-अडीच हजार चूड पुढे लावून सोळाव्या वर्षीची कपाळाची रेघ परत आणली, तर तेवढे केस टिकतील. पण त्यांच्यामागचे स्वतःचे केस गळावयाचे थोडेच थांबणार? पस्तिशीला पुढे केसांची पट्टी, मागे मोकळे माळरान आणि त्याच्यामागे झालर, असे बेट तयार होते. मग ते भरण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया, चाळिशीला तिसरी, आणि तेव्हा तरवा संपलेला. टक्कल पडलेला माणूस वाईट दिसतो असे मला कधीच वाटले नाही. असे बेट मात्र डोळ्यांत खुपते, आणि ते झाकण्यासाठी पूर्ण गोटा करावा तर मागचे व्रण उघडे पडतात. ज्या डॉक्टरला आपले काम कळते तो तरुणाला थांबवतो, त्याचे वडील, काका व मामा यांची डोकी कशी आहेत ते विचारतो आणि कपाळाची रेघ मुद्दाम उंच ठेवतो. मुलगा नाराज होतो व दुसऱ्या केंद्रात जातो; तेथे त्याला हवी ती रेघ लगेच आखून मिळते.

थांबावयाचे म्हणजे हात बांधून बसावयाचे असे नव्हे. दोन औषधे खरोखर उपयोगी आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाच्या गोळीतले औषध; ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून ते डोक्याला लावण्याचे ठरले आणि अमेरिकेत 1988 साली त्यास मान्यता मिळाली. दुसरे फिनास्टेराइड, 1997 पासून टकलासाठी मान्य झालेली एक मिलिग्रॅमची रोजची गोळी. तिच्याने बहुतेकांची गळती थांबते, काहींचे केस दाटही होतात. पण गुण दिसण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि औषध सोडले की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. शंभरातील थोड्या पुरुषांना गोळीमुळे कामेच्छा कमी होणे, इंद्रियात ताठरता न येणे असे त्रास होतात, काहींचे मन उदास राहते. म्हणून ती डॉक्टरांनीच द्यावी, दुकानातून परस्पर आणू नये. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीस हात लावू नये. पन्नाशीच्या पुढच्यांनी प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या वेळी ही गोळी घेत असल्याचे जरूर सांगावे, कारण तिच्यामुळे तपासणीचा आकडा निम्म्यावर येतो. वर्षभर औषध करून, दर तीन महिन्यांनी त्याच जागी त्याच उजेडात फोटो काढून पाहावे. टक्कल कोठवर जाते याचा अंदाज त्यावरून येतो, आणि लाख रुपयेही घरात राहतात. केस लावून घेतले तरी मागचे टिकविण्यासाठी ही औषधे चालूच ठेवावी लागतात, हे केंद्रवाले शेवटी, पावती फाडल्यावर सांगतात.

आता कात्री कोणाच्या हाती आहे हा प्रश्न. ही शस्त्रक्रिया सहा-आठ तास चालते, तीही टोचून बधिर केलेल्या डोक्यावर. बधिर करण्याच्या औषधाची मर्यादा माणसाच्या वजनावर ठरते. ती ओलांडली तर झटके येतात, हृदय थांबू शकते. 2016 साली चेन्नईत अशाच एका ठिकाणी केस लावून घेतल्यावर वैद्यकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा बावीस वर्षांचा मुलगा दगावला. त्या जागेला परवाना केशकर्तनालयाचा होता असे चौकशीत निघाले. 2019 मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याने एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतल्याचे व नंतर तो मरण पावल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. असे क्वचितच घडते हे मान्य. परंतु टकलाने आजवर कोणी मेलेला नाही, एवढे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांचे, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन यांचे असल्याचे सांगितले आहे. चार दिवसांच्या कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकलेल्याचे हे काम नव्हे. तेव्हा विचारावयाचे ते सरळ विचारावे: पाटीवरचे डॉक्टर स्वतः चिरा देणार की सह्या करून निघून जाणार? झटका आल्यास सोय काय आहे? मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, जखमेवर गाठाळ व्रण उठण्याची खोड, यांतले काही असेल तर लपवू नये. आखातातून किंवा बोटीवरून घरी येता-येता इस्तंबूलला उतरून काम उरकणारी गोव्याकडची मुले आहेत. पैसे कमी पडत असतील, पण जखम चिघळली तर तो डॉक्टर कोठे आणि आपण कोठे?

राहता राहिले लग्न. मुलगा नोकरीत आहे, दारू पीत नाही, आईबापांना पाहतो, आणि तरी 'डोकं विरळ आहे हो' म्हणून पाव्हणे चहा पिऊन उठून जातात, हे आपल्या घराघरांतून घडते. त्या मुलाला लागणारे दुःख खरे असते. 'केसांचे काय एवढे!' म्हणून त्याची थट्टा करणे मला पसंत नाही. पण त्यावर कर्ज काढणे हा उपाय कसा? ज्या मुलीला लावलेल्या केसांसह मुलगा दाखवला, तिला पाच वर्षांनी मागचे माळरान दिसणारच आहे. आणि मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या घरातील भिंतीवरचे जुने फोटो एकदा पाहून यावे. कित्येक संसार टकलाखाली सुखाने झालेले दिसतील. बघावयास आलेल्यांना मुलानेच टोपी काढून बसवावे, हे बरे.

इतके होऊनही ज्याला करावयाचे आहे त्याने हंगाम पाहावा. पहिले दहा दिवस खपल्या जपाव्या लागतात. दोन-तीन आठवडे डोईवर भारा किंवा पाटी घेता येत नाही, गोठ्यातील शेण, मळणीची धूळ आणि घाम लागून चालत नाही, आणि त्यानंतरही काही महिने कडक ऊन टाळावे लागते. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून जातात. घाबरू नये, लावणीनंतर रोप पिवळे पडते तसेच ते आहे. मूळ आत जिवंत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब दिसतात, आणि खरे रूप यावयास पुरे वर्ष जाते. त्या हिशेबाने भाताची कापणी-मळणी आटोपल्यावर आणि काजूचा हंगाम लागण्यापूर्वी, डिसेंबरात, वेळ बरी. मात्र डिसेंबरात केलेले काम मे महिन्यातल्या लग्नाच्या फोटोत अर्धेमुर्धे कोंब म्हणूनच उतरेल, हे नवऱ्या मुलाच्या आईला आधी सांगून ठेवावे.