विकतचा वनवास

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या जालन्याकडे अलीकडे एक नवी टूम निघते. पूर्वी माणसे सुट्टीत मामाच्या गावी जात, फार तर वेरूळ-अजिंठा पाहून येत. आता ती ‘कॅम्पिंग’ला जातात. कोणी भंडारदरा गाठतो, कोणी पवनेचा काठ. माणशी ठरलेले पैसे मोजायचे, पाण्याच्या कडेला ओळीने ठोकलेल्या निळ्या-केशरी तंबूंपैकी एकात रात्र काढायची, सकाळी पोहे खाऊन मोटारीत बसायचे, आणि मग आठवडाभर आल्यागेल्याला निसर्गाच्या कुशीत राहून आल्याचे ऐकवायचे. वर हेही ऐकवायचे की मुलांना कष्टाची ओळख व्हावी म्हणून नेले होते!

माझे भांडण या टुमेशी आहे. चालण्याशी नाही आणि उघड्यावर निजण्याशी तर मुळीच नाही. त्या दोन्ही गोष्टींची शिकवणी मराठवाड्याला कोणी द्यावी असे काही नाही. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या दिवसचे दिवस पायी चालत येतात. त्यांत बाया असतात, म्हातारे असतात, कडेवरची पोरे असतात. गोदेच्या काठी पाले पडतात, तीन दगडांची चूल मांडली जाते, भाकरी थापली जाते, आणि दिवसभर चाललेली पोरे जमिनीला पाठ टेकताच झोपी जातात. या मुक्कामाला कोणी इंग्रजी नाव दिले नाही की त्याची पावती फाडली नाही. शिकलेल्या घरांनी ही पायपीट अडाण्यांची म्हणून सोडून दिली, आणि आता तीच घरे तिची नक्कल पैसे देऊन विकत घेत आहेत.

नक्कलही धड नाही. मोटार तंबूच्या दारापर्यंत जाते, तेव्हा चालणे संपले. रात्रभर कर्णा वाजत असतो, तेव्हा रात्रीची शांतताही संपली. जी कुटुंबे स्वतःचा शिधा घेऊन जातात त्यांचे आणखी एक गंमतीचे असते : सहल सगळ्यांची, पण कांदा चिरणारी तीच. घरची आई तळ्याकाठीही आईच राहते, फक्त ओट्याऐवजी उकिडवी बसते. पुरुषमाणसे शेकोटीपाशी बसून हवा किती छान आहे ते तिला मोठ्याने कळवतात. भंडारदऱ्याच्या आसपासच्या आदिवासी घरांना या तंबूंमुळे चार पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्या पैशांचा हेवा मी करणार नाही. मला विचारायचे आहे ते आमच्या माणसांना.

भंडारदऱ्याचे ते पाणी कोणते आहे? प्रवरेवर इंग्रजांनी बांधलेले ते धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते, गोदावरी पैठणला जायकवाडीच्या धरणात, म्हणजे नाथसागरात, येते, आणि नाथसागराचे पाणी नळाने जालना शहरात येते. म्हणजे आपल्याच घागरीत येणारे, किंवा न येणारे, पाणी आमचा जालनेकर पैसे देऊन पाहतो आणि त्यात तंबूचे प्रतिबिंब किती सुरेख पडले आहे म्हणून हरखतो. वरच्या धरणांनी खालच्यांसाठी किती पाणी सोडायचे, हा तंटा आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला. 2005 चा कायदा झाला, 2014 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समान वाटपाचा निर्णय दिला, 2016 साली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. इतके होऊनही 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, नगर-नाशिकच्या धरणांतून सुमारे साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम निघाला तो कागदावरच राहिला. मराठवाड्यात लोक रस्त्यावर उतरले, आणि दिवाळी सरून गेल्यावर पाणी सुटले. तंबूत झोपलेल्या किती पोरांना त्यांच्या बापाने ही हकीकत सांगितली?

कोणी म्हणेल, “बाई, माणसे चार घटका विसाव्याला जातात. तिथेही तुमची शाळा कशाला?” विसावा घ्यावा की! पण मग मुलांना शिकवायला नेले होते, असे सांगू नये. 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात माणसांनी टँकरमागे धावत घागरी भरल्या, वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडून सरपण केले, त्या जिल्ह्यातल्या मुलाला पाणी म्हणजे एक देखावा आहे असे शिकवणे हा विसावा नाही, तो विसर आहे.

बरे, पाणीच पाहायचे तर नाथसागर काय दूर आहे? 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. शंभराहून अधिक गावे त्यात गेली. तिथेही सरकारने आपल्या अकलेने ‘निसर्ग’ उभारला. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान केले, रंगीत कारंजी नाचवली. मग कारंजी बंद पडली, हिरवळ करपली, आणि पुनरुज्जीवनाच्या घोषणा सुरू झाल्या. ती चालू असताना माणसे कारंजी पाहून परत फिरत. बंधाऱ्यापलीकडे पसरलेल्या समुद्राएवढ्या पाण्याकडे बघायला कोणाला सवड नसे. त्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. 1986 पासून ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे, त्यामुळे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि तेच बरे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, आणि उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीत माणसे गाळपेर करतात. पाणी पुन्हा चढायच्या आत पीक हाती लागले तर लागले. असा हा काठ. तिथे तिकीट नाही म्हणून तिथे कोणी मुलांना नेत नाही.

मी म्हणते, मुलांना न्यायचेच तर पैठणहून डाव्या कालव्याच्या कडेने चालवत न्यावे. दोनशे आठ किलोमीटरचा हा कालवा आमच्या अंबड-घनसावंगीच्या रानांतून पुढे परभणीकडे जातो. तो सगळा चालायला नको. दोन दिवस, दोन मुक्काम पुरे. पाठीवर स्वतःचे अंथरूण, भाकरी बापाने थापावी, रात्री ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा देवळाच्या ओवरीत निजावे. कुठे कालव्याचे अस्तर फुटले आहे, कुठे मोटारी लावून पाणी खेचले जाते, शेवटच्या गावाचा शेतकरी पाण्याच्या पाळीची वाट बघत कसा बसतो, हे मुलाला चालता चालता दिसेल. पाय दुखतील. दुखू द्यावेत.

आणि त्याच वाटेवर, उसाच्या फडांशेजारी, त्याला तंबूही भेटतील. बांबू वाकवून, त्यावर पाचट आणि फाटके प्लास्टिक टाकून केलेल्या कोप्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, पहाटे अंधारात थंडीत फड गाठायचा, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, वाढे विकून मीठ-मिरची आणायची. हेही सहकुटुंब राहणेच. यांनाही डोक्यावर चांदण्या दिसतात, यांच्याही पायांखाली ओली माती असते. फरक इतकाच की यांना सकाळी पोहे कोणी देत नाही आणि चार-पाच महिने मोटारीत बसून परत जाता येत नाही. जसे बाहेरचे इथे येतात, तसे आमच्या गावचे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात.

घनसावंगीकडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे दिवाळीनंतर वर्ग निम्मा भरतो. हंगामी वसतिगृह आहे, काही मुले आजीपाशी राहतात. पण धाकटे भावंड सांभाळायला थोरली लागते, म्हणून मुली हटकून जातात. या खेपेला पाचवीला ‘तंबूतील एक रात्र’ हा निबंध घालावा असे माझ्या मनात आहे. कोपी अर्ध्या तासात कशी उभी करायची, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर कसा काढायचा, रात्री साप निघाला तर लहानग्याला आधी कसे उचलायचे, हे ज्यांना लिहिता येईल त्या मुली तेव्हा वर्गात नसतील. हजेरीपटावर त्यांची नावे राहतात, आणि पुढच्या रकान्यांत मी पाडव्यापर्यंत फुल्या मारत जाते.