अकरा क्विंटलांचे कार्ड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तो मनात एक मागणी घेऊनच. माझ्या संगणकासाठी मला नवे ग्राफिक्स कार्ड हवे होते. दोन दिवस तोंड उघडण्याचे धाडस झाले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा ओसरीवर एकटेच बसलेले पाहून मी विषय काढला. एन्व्हिडिया कंपनीचे आर. टी. एक्स. ५०७० हे कार्ड, त्याची ताकद, त्याची किंमत, सारे सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "किती क्विंटलाचं हाय रं ते?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. हे कार्ड २०२५ साली बाजारात आले तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,००० रुपये जाहीर झाली होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे अकरा क्विंटल! तेही हमीभावाने विकले तर. मोंढ्यात काय भाव मिळाला आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीने शेतात काय शिल्लक ठेवले, हे परभणी जिल्ह्यातल्या वाचकांना मी काय सांगावे? आमच्या रानात त्या वर्षी अकरा क्विंटल झालेच नव्हते. मी गप्प बसलो. अण्णाही काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न मला छळत राहिला. माझी मागणी चुकीची होती काय?

वडीलधारी मंडळी म्हणतील, मुळात संगणकावर खेळणेच चुकीचे. हे मात्र मला मान्य नाही. शंकरपटाच्या बैलजोडीवर लाखो रुपये लावणारी माणसे आपल्यातच आहेत. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरविला तेव्हा फटाके फोडणारेही आपलेच. हौस ही माणसाला हवीच असते. पिढीप्रमाणे ती फक्त रूप बदलते. शिवाय हा नुसता टवाळांचा उद्योग नव्हे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ तयार केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आपल्या पुराणांतील देवादिकांच्या वातावरणात घडते. चित्रकला, संगीत आणि कथा ज्यात एकत्र येतात त्याला कला म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

तेव्हा खेळावे की न खेळावे हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच, की महागडे नवे कार्ड घेतल्याने खेळणाऱ्याच्या पदरात काय पडते?

ग्राफिक्स कार्डाचे काम चित्रे काढण्याचे. सेकंदाला जितकी जास्त चित्रे, तितकी हालचाल सफाईदार दिसते. पण ही चित्रे दाखविण्याचे काम मॉनिटरचे आहे. साधा मॉनिटर साठ हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलतो. कार्डाने दीडशे चित्रे काढली तरी त्याचा वेग साठच. बटण दाबल्याचा परिणाम किंचित लवकर दिसतो, इतकाच काय तो लाभ. घागरीने पाणी ओतले तरी बाटलीच्या तोंडातून जाईल तेवढेच आत जाणार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुट्टीनंतर परभणीला परतल्यावर मी स्वतः पडताळून पाहिले. माझ्या संगणकात २०१९ साली निघालेले जी. टी. एक्स. १६५० हे कार्ड आहे. शेजारच्या खोलीतील मित्राकडे त्याहून पुष्कळ ताकदीचे आर. टी. एक्स. ३०६० आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. मी माझा मॉनिटर उचलून त्याच्या खोलीत नेला आणि त्याच्या संगणकाला जोडला. 'व्हॅलोरंट' सुरू केला. त्याच्या मॉनिटरवर खेळ लोण्यासारखा चालत होता. माझा मॉनिटर लावताच तोच खेळ, त्याच कार्डावर, अगदी माझ्या खोलीतल्यासारखा दिसू लागला! मग कळले, की या खेळात माझे जुने कार्डदेखील सेकंदाला शंभराहून अधिक चित्रे काढीत होते. माझा मॉनिटरच ती दाखवीत नव्हता. ज्या कार्डासाठी मी अकरा क्विंटल मागत होतो, त्याने मला त्या खेळात जवळजवळ काहीच दिले नसते.

आता कंपन्यांच्या जाहिरातींविषयी. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितले, की ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतील १,५९९ डॉलरच्या ४०९० ची बरोबरी करील. त्यातील मेख अशी, की नवे कार्ड एक चित्र खरोखर काढते आणि त्यामागे तीनपर्यंत चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाजाने भरते. डोळ्यांना ते बरे दिसते. पण खेळणाऱ्याच्या बोटांना मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही. जानेवारी २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात या कंपनीचे उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर होते. त्यात खेळांचा वाटा ११ अब्जांच्या आसपास, तर डेटा सेंटरचा ११५ अब्ज. म्हणजे कंपनीचे लक्ष कोठे आहे ते सांगायला नको. आपण तिचे लाडके गिऱ्हाईक राहिलेलो नाही.

आणि खर्च कार्डापाशी थांबतो थोडाच! माझे कार्ड ७५ वॅट वीज घेते, ५०७० हे २५० वॅट. त्यासाठी कंपनी ६५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचविते. तो नवा घ्या, जमल्यास चांगला मॉनिटर घ्या. परभणीच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेल्यावर त्या डब्यातील उष्णता कोठे जाणार, याचाही विचार करा.

मग नवे कार्ड कोणीच घेऊ नये काय? असे मी म्हणणार नाही. २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ प्रकाशकिरणांचे गणित करणाऱ्या कार्डाशिवाय चालतच नाही. तेथे माझ्या कार्डाचा इलाज नाही. ज्याला तसलेच खेळ खेळायचे आहेत, ज्याचा मॉनिटर मोठा आणि वेगवान आहे, किंवा ज्याला चलच्चित्रे तयार करून चार पैसे मिळवायचे आहेत, त्याने अवश्य घ्यावे. पण शेजाऱ्याने घेतले म्हणून, किंवा आकडा मोठा आहे म्हणून घेणे, हे ऋण काढून सण करण्यासारखे आहे.

मी माझा संगणक उघडला. पंख्यात वर्षांची धूळ आणि कापसासारखा पुंजका अडकला होता. तो काढला आणि कार्डाची घरघर थांबली. मग अण्णांना फोन करून सांगितले, "कार्ड नको." ते म्हणाले, "नको कसं? तू कमवायला लागला की घे. मला बी दाव, काय दिसतं त्यात ते."

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेले आहेत. आपल्या हौसेची किंमत रुपयांत छापलेली असते, पण घरी ती क्विंटलांत मोजली जाते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपला मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते पाहावे, आणि त्या क्विंटलांचा हिशेबही एकदा करावा. दोन्ही पाहून मन 'घे' म्हणाले, तर खुशाल घ्यावे आणि मनसोक्त खेळावे.