उलगुलान आठवते, पक्ष आठवत नाही

आदिवासी साहित्याची चर्चा सुरू झाली की बिरसा मुंडा यांचे नाव हटकून येते. भुजंग मेश्राम यांच्या काव्यसंग्रहाचे शीर्षकच ‘उलगुलान’ आहे. १८९९-१९०० च्या मुंडा उठावाशी जोडलेला हा शब्द विदर्भातल्या एका कवीने मराठीत आणला आणि मराठीने तो आपलासा केला. महाश्वेतादेवींच्या ‘अरण्येर अधिकार’ या बंगाली कादंबरीला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि बिरसांचे चरित्र भारतभरच्या वाचकांपर्यंत पोचले. हे सारे योग्यच झाले. परंतु त्याच भूमीत, बिरसांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बिहार विधानसभेच्या ३२ जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्ष झालेल्या झारखंड पक्षाचे नाव आपल्या वर्गांतून, परिसंवादांतून किंवा समीक्षाग्रंथांतून कितीदा ऐकू येते? उठाव सर्वांना ठाऊक आहे, पक्ष मात्र कुणालाच आठवत नाही. ही विस्मृती निव्वळ योगायोगाची आहे असे आम्हांला वाटत नाही.

विद्रोह हा काव्याचा सहजविषय आहे. त्यात नायक असतो, अरण्य असते, धनुष्यबाण असतात आणि शेवटी हौतात्म्य असते. पक्ष ही गद्याची गोष्ट. सभासद नोंदणी, उमेदवारांची यादी, निवेदने, तडजोडी, फाटाफूट आणि पराभव यांनी तिची पाने भरलेली असतात. साहित्याने आदिवासी माणसाला दोन भूमिका उदारपणे देऊ केल्या : पीडिताची आणि बंडखोराची. राजकारण करणारा, डावपेच आखणारा, चुकणारा आणि पुन्हा उभा राहणारा नागरिक ही तिसरी भूमिका मात्र त्याच्या वाट्याला क्वचितच आली. झारखंड पक्षाचा इतिहास वाचायचा तो या तिसऱ्या भूमिकेसाठी, असे आमचे म्हणणे आहे.

छोटानागपूर आणि संथाल परगण्यातील लहानमोठ्या संघटना एकत्र येऊन १९३८ साली आदिवासी महासभा स्थापन झाली. त्या काळी सरकारी कागदपत्रांत ‘अॅबोरिजिनल’, ‘प्रिमिटिव्ह ट्राइब’ असे शब्द रूढ होते. पुढे १९४३ साली मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या समूहांना ‘मागासलेले हिंदू’ म्हणावे अशी मांडणी केली. म्हणजे या लोकांना काय म्हणावे हा वाद बहुधा इतरांमध्येच चालू होता. अशा वेळी ‘आदिवासी’ हे नाव एका राजकीय संघटनेने आपल्या फलकावर लिहिणे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने साधी समजू नये. आपल्याला काय म्हणावे हे आपणच ठरवू, असा दावा त्या नावात होता.

१९३९ साली महासभेचे अध्यक्षपद जयपालसिंग मुंडा यांच्याकडे आले. खुंटी परिसरातल्या टाकरा या गावी १९०३ साली जन्मलेले जयपालसिंग ऑक्सफर्डमध्ये शिकले, आय.सी.एस.साठी निवडले गेले आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या लोकांनी त्यांना ‘मरङ गोमके’, म्हणजे थोर नेता, म्हटले. आपल्या कल्पनेतल्या आदिवासी नायकाच्या चौकटीत हे व्यक्तिमत्त्व मावत नाही. कदाचित म्हणूनच ते आपल्या पाठ्यपुस्तकांतही मावले नसावे.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधानसभेत उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना त्यांनी स्वतःची ओळख ‘जंगली’ अशी करून दिली. तुच्छतेने वापरला जाणारा शब्द त्यांनी भर सभेत अभिमानाने उचलला. लोकशाही आदिवासींना शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असे त्यांनी सभागृहाला सुनावले. आपल्या लोकांचा इतिहास म्हणजे शोषणाची, विस्थापनाची आणि अधूनमधून उसळणाऱ्या बंडांची मालिका आहे, हे सांगून झाल्यावरही नव्या भारताच्या शब्दावर विश्वास ठेवायला आपण तयार आहोत, असे ते म्हणाले. वक्तृत्वाचा नमुना म्हणून हे भाषण असामान्य आहेच. आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याचे स्थान. बंडाच्या परंपरेचा वारसा सांगणारा हा माणूस राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत बसून वाद घालत होता. उलगुलान आणि संविधान यांच्यामधला पूल या भाषणात दिसतो.

पुढच्या चर्चांतही त्यांनी शब्दांचा पिच्छा सोडला नाही. ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’साठी हिंदीत ‘बनजाति’ या शब्दाचा वापर त्यांना मान्य नव्हता. ‘आदिवासी’ हाच शब्द हवा, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या डिसेंबरमध्ये याबाबत दिलेले उत्तरही विचारात घ्यावे लागते. ‘आदिवासी’ हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही. ‘अनुसूचित जमाती’ म्हटले की जमातींची यादीच समोर येते, असा त्यांचा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड होता. तरीही एक भेद उरतोच. यादीतले नाव शासन देते आणि फलकावरचे नाव माणसे स्वतः घेतात. पहिल्याने हक्क मिळतात, दुसऱ्याने ओळख मिळते. दोन्हींची गरज असते, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. आज ‘आदिवासी’ आणि ‘वनवासी’ या शब्दांवरून जो वाद चालतो, त्याची मुळे इथवर जातात.

१९५० च्या सुमारास महासभेचे रूपांतर झारखंड पक्षात झाले आणि बिगरआदिवासींनाही पक्षाची दारे खुली झाली. जमातीचे संघटन मागे ठेवून प्रदेशाचा पक्ष होण्याचा हा प्रयत्न होता. कोंबडा हे पक्षाचे निवडणूक चिन्ह होते. १९५२ साली विधानसभेच्या ३२ जागांबरोबर लोकसभेच्या ३ जागाही मिळाल्या. ज्यांना लोकशाहीचे धडे द्यायला अनेक जण उत्सुक होते, त्यांनी पहिल्याच निवडणुकीत आपली मते नीट मोजून दाखवली.

आणि इथेच मराठी वाचकाने थोडे थबकावे. १९५३ साली नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात महाराष्ट्राला निराश केले, हे आपल्याला पाठ आहे. द्वैभाषिक मुंबई राज्य, वेगळा विदर्भ आणि त्यानंतरचा संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा आपल्या सामूहिक स्मृतीचा भाग आहे. त्याच अहवालात झारखंडची मागणीही फेटाळली गेली, हे मात्र आपल्या लक्षात नसते. त्या प्रदेशात आदिवासींची संख्या सुमारे एक तृतीयांशच आहे आणि तेही अनेक भाषागटांत विभागलेले आहेत, अशी कारणे आयोगाने दिली. मुंडारी, संथाली, हो, खडिया या एका कुळातल्या भाषा. कुडुख द्राविडी कुळातली. नागपुरी, खोरठा, कुडमाली आर्य कुळातल्या. एक भाषा, एक राज्य ही फूटपट्टी लावली तर झारखंड नावाचे काही मोजताच येत नव्हते.

भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वानेच आपल्याला १९६० साली महाराष्ट्र मिळाला, याबद्दल कृतज्ञ राहण्यात काही गैर नाही. परंतु एकाला न्याय देणारे तत्त्व दुसऱ्याला अन्याय्य ठरू शकते, हे समजून घेणे भाषेच्या प्राध्यापकांना तरी जड जाऊ नये. अनेक भाषा बोलणारी, जमीन, जंगल आणि विस्थापनाचा अनुभव यांनी बांधली गेलेली माणसे एक राजकीय समाज असू शकतात, ही कल्पना झारखंड पक्ष मांडत होता. ती कल्पना त्या काळाच्या राजकीय व्याकरणात बसत नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये जयपालसिंगांनी मुंडारी, गोंडी आणि उराँव या भाषांचा घटनेच्या भाषासूचीत समावेश करावा अशी मागणी केली होती, तीही मान्य झाली नाही. संथालीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळायला २००३ साल उजाडावे लागले. गडचिरोली-चंद्रपूरकडे बोलली जाणारी गोंडी अद्यापही त्या सूचीबाहेर आहे. छोटानागपूरचा एक पुढारी आपल्या शेजारच्या भाषेसाठी भांडला होता, याची नोंद मराठी भाषकांनी घ्यायला हवी.

१९६२ च्या निवडणुकीत झारखंड पक्षाच्या जागा २० वर आल्या आणि १९६३ साली जयपालसिंगांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. या निर्णयाला विश्वासघात म्हणणारे पुष्कळ आहेत. मागणी फेटाळली गेलेली, सत्ता दूर, आमदार अस्वस्थ, अशा स्थितीत सत्ताधाऱ्यांच्या घरात शिरून काही पदरात पडेल असा हिशेब त्यामागे असावा. तो चुकला. पण प्रश्न असा की, असे हिशेब चुकलेल्या इतर प्रांतांतल्या नेत्यांना आपण राजकारणी म्हणून तोलतो, मग आदिवासी नेत्याला शहीद किंवा फितूर यांपैकी एकच पद का देतो? चुकण्याचा अधिकार हाही नागरिकत्वाचाच भाग आहे.

पक्ष विरला, मागणी विरली नाही. १९७२-७३ मध्ये शिबू सोरेन, बिनोद बिहारी महतो आणि ए. के. राय यांनी झारखंड मुक्ती मोर्चाची स्थापना केली. एक संथाल, एक कुडमी समाजातला वकील आणि एक बंगाली मार्क्सवादी कामगार नेता असा हा संयोग होता. सावकारांनी बळकावलेल्या शेतांतले उभे धान कापून नेण्याचे धनकटनी आंदोलन याच काळातले. महतो यांची शिका आणि लढा ही शिकवण महाराष्ट्रातल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. पुढे रांची विद्यापीठात १९८० च्या सुमारास जनजातीय व प्रादेशिक भाषांचा विभाग उभा राहिला. रामदयाल मुंडा यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने तो घडवला आणि तेच पुढे झारखंड चळवळीचे एक प्रमुख विचारवंत झाले. अनेक भाषा ही आयोगाच्या लेखी अडचण होती. या विभागाने त्याच भाषा एका छताखाली अध्यापनाचा विषय केल्या. विद्यापीठाचा भाषाविभाग राज्यनिर्मितीच्या चळवळीला बळ देऊ शकतो, याचे हे उदाहरण आपल्यासारख्यांनी दुर्लक्षू नये.

१५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जयंतीदिनी, झारखंड राज्य अस्तित्वात आले. मूळ मागणीत बंगाल, ओडिशा आणि मध्य प्रदेशातले जिल्हेही होते; प्रत्यक्षात आला तो फक्त बिहारचा दक्षिण भाग. २०११ च्या जनगणनेत तिथे अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. पहिले सरकार भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखाली आले. ज्यांनी दशकानुदशके मागणी लावून धरली ते विरोधात बसले. त्याआधी १९९३ च्या अविश्वास ठरावाच्या वेळी मोर्चाच्या खासदारांनी मतांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणाने पक्षाचे नाव देशभर गाजले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात दिलेला संसदीय संरक्षणाचा निर्वाळा २०२४ साली त्याच न्यायालयाने मोडीत काढला. त्याच वर्षी मोर्चाने विधानसभेच्या ८१ पैकी ३४ जागा जिंकल्या. शिबू सोरेन यांचे ४ ऑगस्ट २०२५ रोजी निधन झाले. कीर्ती आणि काळिमा दोन्ही या इतिहासात आहेत, आणि कोणत्याही जिवंत राजकारणाचा इतिहास असाच असतो.

यावर कुणी म्हणेल, की साहित्याच्या प्राध्यापकांनी पक्षांच्या जागा मोजत का बसावे? आमचे उत्तर साधे आहे. आदिवासी साहित्य शिकवताना आपण एक माणूस विद्यार्थ्यांसमोर उभा करत असतो. तो माणूस फक्त रडणारा किंवा फक्त बाण सोडणारा असेल, तर सहानुभूती आणि रोमांच यांपलीकडे विद्यार्थी जाणार नाहीत. आणि वर्गात बसलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला स्वतःसाठी निवडायला त्या दोनच प्रतिमा उरतील. भाषण करणारा, दुरुस्ती सुचवणारा, शब्दासाठी अडून बसणारा, निवडणूक हरणारा पूर्वज त्याला मिळायला हवा.

त्यासाठी फार काही लागत नाही. ‘उलगुलान’ शिकवताना त्याच तासाला जयपालसिंगांचे १९४६ चे भाषण वाचता येईल. ते संविधानसभेच्या प्रकाशित कामकाजात उपलब्ध आहे आणि गद्य म्हणून ते कोणत्याही गाजलेल्या निबंधाच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. भाषावार प्रांतरचनेवरचा पाठ घेताना महाराष्ट्राबरोबर झारखंडचे प्रकरणही फळ्यावर लिहिता येईल. आणि आठव्या अनुसूचीची चर्चा होईल तेव्हा गोंडीबद्दल एक प्रश्न नक्कीच विचारता येईल. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी छोटानागपूरवर नाही, आपल्यावर आहे.