सुरक्षा अधिकारी एकटा काय करणार?


रासायनिक कारखान्यांतील अपघातांचे खापर सुरक्षा अधिकाऱ्यावर फोडणारे पत्र वाचले. ते मला अजिबात मान्य नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन सुरक्षेची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्यावर आली. सुरक्षा अधिकारी सल्ला देतो. उत्पादन थांबवणे बहुधा त्याच्या हातात नसते. त्याचा सल्ला तर साधाच असतो: टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी प्राणवायू आणि विषारी वायू मोजायचे, तोंडाशी एक जण सतत उभा ठेवायचा, टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सही करणाऱ्याने स्वतः टाकीपाशी जायचे. कंत्राटी कामगाराला तर टाकीत आधी काय होते हेही अनेकदा सांगत नाहीत! १९८७ च्या त्याच दुरुस्तीने धोका कळवण्याचा हक्क कामगारांना दिला. तो वापरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतील, याची हमी कोण देणार?

– एक निवृत्त पाळी पर्यवेक्षक, बोईसर