गोड आहे, म्हणून काय झालं?

जेवणानंतर गोड वाईन मागवली की टेबलावरचा एखादा जाणकार हमखास हसतो. ‘हे सरबत आहे’, ‘हे नवशिक्यांचं’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘हे बायकांचं’. मी ही वाक्यं इतक्यांदा ऐकली आहेत की आता भांडायचं ठरवलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न जिभेचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिकभोवती वायनरी वाढल्या आणि आपल्याकडे वाईन ‘कळणारा’ एक वर्ग तयार झाला. त्याआधी अनेकांसाठी वाईन म्हणजे गोव्याहून टॉवेलात गुंडाळून आणलेली ‘पोर्ट’ची बाटली. आपण त्या टॉवेलवाल्यांतले नाही, हे दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे गोडाला नाक मुरडणं.

पण पोर्ट म्हणजे काय ते तरी बघा. उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षांचा रस आंबवायला ठेवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं. साधारण निम्मी साखर संपली की त्यात द्राक्षांपासूनच बनवलेलं, 77 टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. हा गोडवा वरून घातलेला नाही, द्राक्षाचाच आहे. टॉनी पोर्ट तर लाकडी पिंपांत मुरवतात. बाटलीवर 10, 20, अगदी 40 वर्षं असं सरासरी वय लिहिलेलं असतं. याला सरबत म्हणणाऱ्याने मला चाळीस वर्षं मुरलेलं सरबत आणून दाखवावं.

भेसळीचा वाद तिथेही झाला होता. रंग गडद दिसावा म्हणून व्यापारी वाईनमध्ये एल्डरबेरीचा रस मिसळायचे. 1756 साली पोंबालच्या सरकारने दोरूच्या द्राक्षक्षेत्राची हद्द आखली, नियम केले आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. म्हणून गोव्यातल्या उत्पादकांकडे माझी मागणी आहे: बाटलीवर नुसतं ‘पोर्ट’ लिहू नका. आंबणं स्पिरिट घालून थांबवलं की साखर नंतर घातली, हे स्पष्ट छापा. स्वस्त असणं हा गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या गावाचं नाव लावायचं आणि कृती सांगायची नाही, हे बरं नव्हे.

आता जाणकारांची स्वतःची चूक. चॉकलेट केकसोबत ते ऐटीत ड्राय रेड पितात आणि ती आंबट-कडू लागली की केकला दोष देतात. नियम साधा आहे: वाईन पदार्थाइतकी तरी गोड हवी. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, तूप आणि साखरेचे थर एकावर एक भाजून केलेली बेबिंका घ्या. तिच्या करपलेल्या साखरेच्या चवीला टॉनीमधली सुक्यामेव्याची चव नेमकी भेटते. पाकात बुडालेल्या गुलाबजामपुढे मात्र पोर्टही फिकी पडते. तिथे पाणीच प्या.

आणि गोड म्हणजे सौम्य, हा गैरसमजही सोडा. पोर्टमध्ये अल्कोहोल 19 ते 22 टक्के असतं. 60 मिलीच्या छोट्या ग्लासात साधारण 12 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे 5 टक्क्यांच्या पाऊण पाइंट बिअरच्या जवळपास. गोडीमुळे ते जाणवत नाही, म्हणूनच ग्लास छोटा ठेवायचा आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. ज्याला प्यायचीच नाही, त्याला आग्रह तर अजिबात करायचा नाही.

ज्याला आवडते त्याने मात्र वेटरला ‘गोड काय आहे?’ असं मोठ्याने विचारावं. शेजारचा हसला, तर त्याला बेबिंकाचा एक तुकडा द्या आणि त्याच्या ड्राय वाईनसोबत खायला सांगा.